घोड्याला दुखण्यातून कधी सोडवायचं?

आजारी जनावराला इंजेक्शन देऊन मारल्याच्या बातमीला वर्तमानपत्रात बरेचदा ‘इच्छामरण’ असा मथळा दिसतो. मला तो शब्द खटकतो. इच्छा घोड्याची नसते, आणि त्याला विचारायची सोयही नसते. तबेल्यातली माणसं नुसतं ‘इंजेक्शन दिलं’ म्हणतात, नाहीतर ‘सोडवला’. इथे मी ‘दयामरण’ म्हणणार आहे, कारण निर्णय माणसाचा आहे एवढं तरी त्या शब्दात कबूल केलेलं आहे.

अपघातात घोड्याचा पाय मोडला तर निर्णय तासा-दोन तासांत होतो, आणि बहुतेक वेळा डॉक्टरच सांगतात. खरा पेच असतो तो महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यात. घोडा आज कालच्यासारखाच दिसतो, काल परवासारखाच दिसत होता. माथेरानला पर्यटकांना फिरवणारा घोडेवाला, वरातीची घोडी सांभाळणारा, रायडिंग स्कूल चालवणारा, सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडी आणून शेतावर बांधलेला, या सगळ्यांवर ही वेळ कधी ना कधी येते. आणि त्याबद्दल मराठीत सरळ बोललेलं फारसं सापडत नाही.

आधी घोड्याचं शरीर समजून घेऊ. कुत्र्याचा एक पाय गेला तरी तो तीन पायांवर बागडतो. घोड्याला ती सोय नाही. 400-500 किलोंचं धड चार बारीक पायांवर तोललेलं असतं. पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू जवळपास नाहीतच, नुसती हाडं, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर) आणि कातडी. एक पाय दुखावला की त्याचा भार उरलेल्यांवर जातो, आणि काही आठवड्यांत त्यातला एखादा तक्रार करायला लागतो. मग आडवा ठेवावा म्हटलं तर तेही जमत नाही. तासन्‌तास पडून राहिलेल्या घोड्याच्या स्वतःच्याच वजनाने खालच्या अंगाचे स्नायू चेंगरतात, खालचं फुप्फुस नीट फुलत नाही, आतडी मंदावतात. माणसाला डॉक्टर ‘सहा आठवडे पडून राहा’ म्हणू शकतात, घोड्याला नाही.

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. पायांतल्या कंडरांची रचना अशी असते की सांधे जणू कुलूप लावल्यासारखे अडकतात आणि त्याला उभ्याने डुलकी काढता येते. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक तास. सांधे फार दुखत असले की घोडा आडवाच होत नाही. खाली बसलो तर उठता येणार नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. मग आठवडेच्या आठवडे झोपेविना जातात आणि एके दिवशी उभ्या उभ्या डुलकी लागून तो पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून सोलवटलेल्या जखमा दिसल्या तर त्या कुठून आल्या याचा शोध घ्या. उलट, सकाळी अंगाला भुसा चिकटलेला असेल, कुशीला लीद लागलेली असेल, तर खरारा करावा लागला म्हणून कुरकुरू नका. रात्री तो आडवा झाला होता आणि स्वतःचा स्वतः उठला होता.

जुनाट दुखण्यांत सगळ्यात छळणारं दुखणं खुरातलं, म्हणजे लॅमिनायटिस. खूर बाहेरून दगडासारखं दिसतं, पण ती एक टोपी आहे. तिच्या आत पायाचं शेवटचं हाड असतं, आणि ते टोपीच्या आतल्या भिंतीला लोंबकळत धरलेलं असतं. कशाने? दोन वह्या घ्या, एकीचं एक पान, दुसरीचं एक पान अशी एकात एक घालत जा. पुरी झाल्यावर ओढून बघा, सुटत नाहीत. खुरात अशीच साडेपाचशे-सहाशे नाजूक ‘पानं’ असतात. हाडाची पानं आणि खुराची पानं एकमेकांत गुंतलेली, आणि त्या पकडीवर अख्खा घोडा उभा.

ही पानं सुजली की पकड सैल होते. वरून घोड्याचं वजन दाबतं, मागून मोठी कंडरा हाडाला खेचते, आणि हाड टोपीच्या आत कलायला लागतं किंवा खाली सरकतं. कारणं अनेक आहेत. कोठीचं दार उघडं राहिलं आणि घोड्याने रात्रीत पोटभर धान्य खाल्लं, घोडी व्यायली पण वार पूर्ण पडली नाही, म्हातारपणात हार्मोन बिघडले, लाडाने चंदी (घोड्याचं धान्याचं खाणं) आणि गूळ खाऊन घोडा लठ्ठ झाला, एक पाय दुखावल्याने दुसऱ्यावर महिनाभर भार राहिला. दुखणाऱ्या घोड्याची उभं राहायची तऱ्हा एकदा पाहिली की विसरत नाही. पुढचे पाय पुढे रोवलेले, धड मागे रेललेलं, उतारावर कोणी ओढतंय आणि हा जायला तयार नाही असं. खूर हाताला गरम लागतं, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण उडताना बोटाला कळते.

स्वीडनच्या निल्स ओबेल यांनी 1948 मध्ये या दुखण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. पहिलीत घोडा उभ्या जागी पाय आलटून पालटून उचलतो, दुडक्या चालीत अडखळतो. दुसरीत चालतो, पण आखडत. पाय उचलू देतो. तिसरीत चालायला नाखूश असतो आणि नालबंदाला पाय धरू देत नाही, कारण एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर येतो. चौथीत ढकलल्याशिवाय जागचा हलत नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे पुष्कळ घोडे खाणं बदलून, खुरांना नीट आकार देऊन, खाली मऊ वाळू टाकून सावरतात. एक्स-रे काढून हाड किती कललंय ते बघता येतं. हाड खुराच्या तळव्यातून बाहेर डोकावायला लागलं की मात्र गोष्ट फार पुढे गेलेली असते.

आता बार्बारो नावाच्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट. 6 मे 2006 ला त्याने अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत साडेसहा घोड्यांच्या लांबीने जिंकली. दोनच आठवड्यांनी, 20 मे ला, बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला, वीसहून जास्त तुकडे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि 27 स्क्रू घालून तो जोडला. भूल उतरताना घोडा धडपडू नये म्हणून त्याला तराफ्यात घालून पाण्याच्या तलावात शुद्धीवर आणलं. ही काळजी उगीच नव्हती. 1975 मध्ये रफियन नावाची नामांकित घोडी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना इतकी तडफडली होती की जोडलेला पाय पुन्हा मोडला आणि तिला सोडवावं लागलं.

बार्बारोचा मोडका पाय जुळत आला. पण जुलैत डाव्या मागच्या पायाला, म्हणजे ज्याने इतके दिवस भार वाहिला त्या चांगल्या पायाला, लॅमिनायटिस झाला. खुराच्या भिंतीचा बहुतांश भाग काढून टाकावा लागला. त्यातूनही तो सावरला. शरद ऋतूत तो बाहेर गवत खात फिरत होता. जानेवारीत पुन्हा घसरण सुरू झाली, शेवटी पुढच्या दोन्ही खुरांतही तेच दुखणं उतरलं. उभं राहायला एकही चांगला पाय उरला नाही. एक रात्र अस्वस्थतेत गेल्यावर 29 जानेवारी 2007 ला मालक आणि डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं.

पैसा, डॉक्टर, यंत्रं, यातलं काही कमी नव्हतं. म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे असा निर्णय घेणारा माणूस मनात कुढत असतो की पैसे असते तर वाचवला असता. कधी ते खरंही असतं. पण खुरातल्या दुखण्याची एक हद्द अशी आहे की तिच्यापलीकडे पैशाचं काही चालत नाही. आठ महिने त्या घोड्यावर उपचार का केले, अशी टीकाही तेव्हा झाली. मला ती पटत नाही. मधले कित्येक आठवडे तो खात होता, आडवा होऊन झोपत होता. त्याला आराम वाटतोय तोवर प्रयत्न, नाही वाटला तर थांबायचं, ही अट होती, आणि ती पाळली गेली.

अट आधी ठरवलेली असणं, हाच माझ्या मते सगळ्याचा गाभा आहे. कारण घोडा दुखणं लपवतो. तो शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडताना दिसतो त्याच्यावर वाघाची नजर आधी जाते. अनोळखी डॉक्टर समोर आले की कान टवकारून, मान वर करून उभा राहतो, आणि मालक म्हणतो, ‘बघा, आज बरा आहे.’ ते पाच मिनिटांपुरतं. डॉक्टर गेल्यावर लांबून, त्याला कळणार नाही असं बघा. कान ताठ मागे वळलेले, पापण्या अर्धवट मिटलेल्या, डोळ्यावरचा भाग ताणलेला, जबड्याचे स्नायू आवळलेले, हनुवटी घट्ट, नाकपुड्या ओढलेल्या. या सहा खुणांवरून घोड्याच्या चेहऱ्यावरचं दुखणं मोजायची पद्धत 2014 मध्ये मांडली गेली आणि ती शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. नाडीही मोजा. निवांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. काही श्रम नसताना ती दिवसेंदिवस 60 च्या वर राहत असेल, तर चेहरा काहीही सांगो, आत काहीतरी ठणकतंय.

मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणाऱ्याला, विचारा, हे तर आहेच. चंदी देताना घोडा पुढे येतो की तोबऱ्याची वाट बघत कोपऱ्यात थांबतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. घोडा गेला तर त्याची नोकरीही जाऊ शकते. ‘अजून ओढेल मालक’ या वाक्यात माया असते, आणि पुढच्या महिन्याचा पगारही असतो. त्या पगाराचं काय ते आधी सांगून टाका, मग घोड्याबद्दल विचारा. उत्तर बदललेलं दिसेल.

आणि भिंतीवरचं कालनिर्णय कामाला लावा. दुधाचा हिशोब लिहितो तसं रोजच्या चौकोनात एकच अक्षर लिहायचं: चांगला दिवस असेल तर ‘चां’, वाईट असेल तर ‘वा’. चांगला म्हणजे काय हे आधी ठरवून घ्यायचं. माझ्या मते रात्री आडवा होऊन स्वतः उठला, चंदी संपवली, आणि पाण्यापर्यंत स्वतःहून चालत गेला, तर तो चांगला दिवस. महिनाअखेर पान बघायचं. स्मृती फार दयाळू असते, मंगळवारी तो खिंकाळला होता एवढंच लक्षात ठेवते. चौकोन तसं करत नाहीत. किती ‘वा’ झाले की डॉक्टरांना शेवटचं विचारायचं, तो आकडा पान भरायला लागण्याआधी लिहून ठेवा. संकट रात्री दोन वाजता येतं, पाऊस पडत असतो, डॉक्टरांचा फोन लागत नसतो. त्या वेळी ठरवायला बसू नये.

अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने यासाठी काही कसोट्या दिल्या आहेत. त्यांतल्या दोन मला आपल्याकडे फार उपयोगाच्या वाटतात. बऱ्या न होणाऱ्या आजाराचं आवरता न येणारं दुखणं घोड्याला सतत सोसावं लागू नये, ही एक. आणि केवळ दुखू नये म्हणून त्याला उरलेलं आयुष्य रोज वेदनाशामकावर किंवा एका खोलीत कोंडून काढायला लागू नये, ही दुसरी. दुसरी कसोटी कडक वाटते, पण तिला कारण आहे. घोड्यांना दिली जाणारी वेदनाशामकं महिनोन्‌महिने दिली तर जठरात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. म्हणजे खुराचं दुखणं झाकायला पोटाचं दुखणं विकत घ्यायचं.

घाईही करू नका, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं. दम्याचा घोडा धुळीपासून दूर, भिजवलेली वैरण देऊन वर्षानुवर्षं जगतो. दात झिजलेला म्हातारा घोडा गवताचे अर्धवट चावलेले गोळे टाकायला लागला की लोक म्हणतात आता संपलं. त्याला भिजवून मऊ केलेलं खाणं द्या, दोन महिन्यांत अंग धरतो. आंधळा घोडा ओळखीच्या वाड्यात, एका शहाण्या सोबत्याच्या मागे मागे, उत्तम दिवस काढतो. घोड्याचं आयुष्य 25-30 वर्षांचं, आणि त्यातली शेवटची सात-आठ वर्षं तो कामाचा नसतो. ‘कामाचा राहिला नाही’ आणि ‘दुखतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीचं नाव घेतलेलं मला आवडत नाही.

लोक तिसरा मार्ग म्हणून घोडा विकतात. लंगडा घोडा बाजारात दोन हात बदलतो आणि ओझ्याच्या गाडीला जुंपला जातो. ‘मी मारला नाही’ एवढं समाधान त्यात मिळतं, किंमत घोडा मोजतो. वय, आजार किंवा जखमेमुळे कामाला नालायक झालेल्या जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणंही. पांजरपोळाची गोष्ट वेगळी. तिथे भूतदयेची जुनी परंपरा आहे, मुंबईचा पांजरपोळ 1834 पासूनचा. मला त्या परंपरेबद्दल आदर आहे. पण पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघा: जमीन फरशीची आहे की मऊ मातीची, नालबंद येतो का, वेदनाशामक द्यायला कोणी आहे का. खुराच्या दुखण्याच्या चौथ्या पायरीवरचा घोडा तिथे पाठवणं म्हणजे आपल्या डोळ्यांआड करणं.

कायद्याची भीती अनेकांच्या मनात असते. गोवंश हत्याबंदीचा कायदा घोड्याला लागू होत नाही. बऱ्या न होणाऱ्या आजारात नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, त्याच्याच हातून दयामरण देता येतं; क्रूर पद्धतीने मारणं हा मात्र गुन्हा आहे. निदान आणि कारण त्यांच्याकडून लिहून घ्या. घोड्याचा विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, नंतर नाही. आणि ग्लँडर्स नावाचा रोग निघाला तर निर्णय तुमचा राहतच नाही. तो माणसालाही होतो, हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते, आणि बाधित घोड्याला सरकारी यंत्रणाच दयामरण देते.

तो दिवस ठरला तर सकाळची वेळ घ्या, मऊ जमिनीची मोकळी जागा घ्या. डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात. घोड्याची मान खाली येते, ओठ लोंबतात. मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस जातो आणि काही क्षणांत तो कोसळतो. हे कोसळणं मोठं असतं, त्याची कल्पना असू द्या, दोरी धरणाऱ्याने बाजूला उभं राहावं. नंतर एखादा खोल श्वास येतो, स्नायू थरथरतात, डोळे उघडेच राहतात. त्याला त्यातलं काही कळत नसतं. डॉक्टर हृदय ऐकून, बुबुळाला स्पर्श करून खात्री करतात.

देहाचं काय करायचं हे त्या सकाळी नाही, आठवडाभर आधी ठरवा. पाचशे किलोंना खड्डा हाताने खणणं सोपं नाही, आणि माथेरानसारख्या वाहनबंदीच्या गावात जेसीबी सहज येत नाही. गावाची, नगरपरिषदेची परवानगी लागते. विहीर-ओढ्यापासून लांब, खोल पुरायचा. उघड्यावर टाकायचा नाही, अगदी गिधाडांसाठी म्हणूनही नाही. दयामरणाचं औषध देहात टिकून राहतं आणि तो खाणारी कुत्री, कोल्हे, गिधाडं मरतात. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं कशी संपवली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी का आली, हे रायगडच्या म्हसळा-फणसाड भागात, जिथे थोडी गिधाडं उरली आहेत, कोणीही सांगेल.

शेजारच्या ठाणावर दुसरा घोडा असेल तर त्याला देह हुंगू द्या. काही घोडे हुंगतात, नाकाने ढकलून बघतात, आणि थोड्या वेळाने गवताकडे वळतात. सोबती एकाएकी दिसेनासा झाला तर तेच घोडे दिवसेंदिवस कुंपणाशी उभे राहून खिंकाळतात, चंदी टाकतात. आठ-दहा दिवस त्याच्या खाण्याकडे लक्ष ठेवा, आणि जमलं तर मोतद्दाराला त्याच्याजवळच झोपायला सांगा.